अर्ध्यावर अडकलेला दांडा

बाई मुलींना नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. "ए कन्नड, पाय जवळ घे." "ए फुलंब्री, कोपर कुठं चाललं?" एकाच गावच्या दोघी असल्या की त्यांची थोरली-धाकटी व्हायची. गंगापूर थोरली, गंगापूर धाकटी. शहरातल्या मुलींना गल्लीचं नाव मिळायचं. असं का, म्हणून एकीनं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "नाव घरच्यांनी ठेवलं, त्यात तुझं काय? गावाहून इथवर मात्र रोज तूच येतीस."

मला त्यांनी ना गाव दिलं, ना गल्ली. मला त्या 'पत्रक' म्हणत. "ए पत्रक, कापड दे इकडं." या नावात राग किती आणि लाड किती हे मला बरेच दिवस कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांच्या निवृत्तीला जेमतेम आठवडा उरला होता.

त्या आमच्या कॉलेजात खेळाच्या शिक्षिका होत्या. मॅडम म्हटलेलं त्यांना खपत नसे. "मॅडम तिकडं केबिनमधी असत्यात. मी बाई." खेळाच्या शिक्षिका असून त्यांच्या गळ्यात शिट्टी नव्हती. पोरींना शिट्टी वाजवून बोलवायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं, त्यामुळे त्या टाळी वाजवत. हातात घड्याळही नव्हतं. वेळ श्वासांत मोजायच्या. त्यांच्या घरी मी पहिल्यांदा चहा केला तेव्हा विचारलं, किती उकळू? म्हणाल्या, "वीस श्वास."

"कुणाचे?"

"जी करंल तिचे."

त्यामुळे त्या घरातला चहा रोज वेगळा लागे. माझ्या हातचा नेहमी कच्चा राहायचा. "घाईनं श्वास घेतीस," एवढंच म्हणून त्या तो शेवटपर्यंत पीत.

छापलेलं काहीही हाती आलं की त्या ते मोठ्यानं वाचायच्या. बिस्किटाचा पुडा, एसटीचं तिकीट, औषधाच्या बाटलीतली घडी घातलेली चिठ्ठी, सगळं एकाच गांभीर्यानं. 'थंड व कोरड्या जागी ठेवावे' हे वाक्य वाचून त्या थांबल्या आणि आपल्या तापलेल्या खोलीभर नजर फिरवून म्हणाल्या, "औरंगपुऱ्यात कुठं ठिवू?"

एकदा स्नेहसंमेलनाला पाहुणे तासभर उशिरा आले. मुली उन्हात रांगेनं उभ्या होत्या. बाईंनी टाळी वाजवून सगळ्यांना खाली बसवलं. प्राचार्य धावत आले. म्हणाले, पाहुणे येतील तेव्हा मुली उभ्या दिसायला हव्यात. बाई म्हणाल्या, "पाव्हणे गाडीत बसूनच येऊ राह्यलेत ना सर? मग पोरी पण बसून वाट बघत्यात." आणि स्वतःही मातीत मांडी घालून बसल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं नाही, ऐकलं. कारण तेव्हा मी अशा कार्यक्रमांवर बहिष्कार घालून घरी बसत असे.

मी पत्रकांत वाढले. वडील दिवसा कारखान्यात आणि संध्याकाळी चळवळीत. उरलेली पत्रकं घरी यायची. ती फडताळात अंथरलेली असत, वह्यांना त्यांचीच कव्हरं असत, तव्याखाली पण तीच. मी वाचायला शिकले ती 'जाहीर' या शब्दावर, आणि त्याच्या पुढचा शब्द 'निषेध' होता. वडील सांगायचे, पत्रकात कोण, काय आणि मागणी असं तिन्ही पाहिजे. मागणी नसलेलं पत्रक म्हणजे नुसतं रडगाणं. मी हे मनापासून शिकले.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना एके दुपारी मी जिमखान्याच्या हॉलवरून जात होते. खिडकीतून दिसलं की एक मुलगी खांद्याला बंदूक लावून उभी आहे. मी आत गेले नाही. तडक घरी येऊन पत्रक लिहायला बसले. 'मुलींच्या हातात बंदूक कशासाठी?' एक पान, पाठपोट. बंदुकीनं या देशात कुणाचं रक्षण झालं आणि कुणाची छाती फुटली ते लिहिलं. हिंसेची संस्कृती असं लिहिलं. ग्रंथालयाची वेळ वाढवायला पैसा नाही आणि हे खेळ चालतात, असं लिहिलं. शेवटी मागणी होती: ती बंदूक तत्काळ हटवावी.

त्यातल्या बहुतेक वाक्यांवर मी आजही सही करीन.

मुलींच्या संडासाला आतून कडी बसवा, ही मागणी आमच्या कॉलेजात तीन वर्षं पडून होती. माझी मागणी दोन दिवसांत मान्य झाली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. आला नाही. मी पेढे आणले. बंदूक जप्त झाली आणि जिन्याखालच्या खोलीत कुलूपबंद झाली. तिच्यासोबत मुलींचा रोजचा तीन ते चारचा तासही बंद झाला. हॉलमध्ये मुलांचं टेबल टेनिसचं टेबल आलं. प्राचार्यांच्या आदेशात 'विद्यार्थ्यांच्या भावना लक्षात घेऊन' असं लिहिलेलं होतं, आणि पुरावा म्हणून माझ्या पत्रकाची प्रत जोडलेली होती. त्यांना तो तास बंदच करायचा होता. निमित्त मी पुरवलं होतं, तेही फुकट. पण हे मला कळायला दीड वर्ष लागलं, आणि कळलं ते बाईंमुळे.

तिसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीत मी औरंगपुऱ्यात झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. हॉस्टेलच्या मेसवर पत्रक काढत होते. बाहेर एक जुनी मोपेड थांबली. मला पाहून बाई पोतं घेऊन आत आल्या आणि ते त्यांनी काउंटरवर ठेवलं.

"हे काय आणलं बाई?" दुकानदारानं विचारलं.

"ह्या पोरीचं सामान."

त्यानं पोत्याचं तोंड जरा उघडलं. आत नळी दिसली. तो दोन पावलं मागं सरला. "खरी हाय का ओ?"

"खरी असती तर झेरॉक्स काढायला आणली असती का?"

मग माझ्याकडे वळून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू ती पत्रकवाली ना?"

"हो."

"कॉलेजनं भंगारात काढली ही. मी सही करून आणली. दोन पावसाळे त्या खोलीत गळक्या टाकीखाली पडून व्हती. तुझ्या पत्रकानं गंजली, तूच सोडव."

मी म्हणाले, मला यातलं काही येत नाही.

"मला येतं. पण माझी बोटं आता वळत नाहीत. हात तुझे लागतील. उद्या तीनला ये."

मी ताठ होऊन सांगितलं की बंदूक हातात धरायची नाही हे माझं तत्त्व आहे.

"बंदूक नको धरू मग," बाई म्हणाल्या, "दांडा धर."

दुकानदार हसला. मी हसले नाही. पण दुसऱ्या दिवशी तीनला त्यांच्या दारात होते. का गेले, याचं उत्तर तेव्हा मी स्वतःला असं दिलं होतं की विरोधकाची बाजू ऐकायला गेले.

गल्लीत खाली कापडाचं दुकान, वर बाईंची एकच खोली, आणि खोलीवर गच्ची. खिडकीखाली लाकडी पाट होता, त्यावर जुनं फडकं अंथरून बंदूक ठेवलेली. जवळून पाहिली तेव्हा मला माझीच लाज वाटली. ते एक खेळणं होतं. मोठ्या साबुदाण्याएवढ्या प्लास्टिकच्या पांढऱ्या गोळ्या मारणारं. खांद्याला टेकवायचा दस्ता प्लास्टिकचा, आतला भाग तेवढा लोखंडी. खऱ्या छऱ्याच्या बंदुकीसाठी बाईंनी कॉलेजकडे अर्जावर अर्ज केले होते. ती काही मिळाली नाही, म्हणून त्यांनी ही स्वतः विकत आणली होती. चाळीस मुलींना मिळून ही एक.

"हिच्यानं कोण मरतंय?" मी विचारलं.

"कोण नाय. पोरगी दोन मिनिटं एका जागी सरळ बघत उभी राहती, तेवढंच. घरी तिला कुणी दोन मिनिटं सरळ बघू देतं का?"

त्यांनी मला दांडा दाखवला. बंदुकीच्या उजव्या अंगाला एक लोखंडी दांडा असतो. तो मागं ओढला की आतली स्प्रिंग दबते आणि खटक्याला अडकून राहते. मग दांडा पुढं ढकलून बंद करायचा, गोळी आपोआप नळीत जाते, आणि चाप ओढला की स्प्रिंग सुटते. हा दांडा पुढं जाताजाता बरोबर मध्यावर अडकला होता, आणि त्याच्याभोवती गंजाची तपकिरी कड चढली होती.

"हा इथं का अडकला ठाऊक हाय?"

मी मान हलवली.

"त्या दिवशी पैठणचा नंबर व्हता. अकरावा. पहिल्यांदाच धरली व्हती तिनं. मागं ओढताना पोरीच्या कपाळावर घाम. ओढला, अडकवला, अन् पुढं ढकलायला लागली तवा शिपाई आदेश घेऊन आला. तिच्या हातातून काढून घेतली. तवापासून हा असाच हाय."

पैठण म्हणजे पैठणहून रोज एसटीनं येणारी एक मुलगी. माझ्याच वर्षाची, पण दुसऱ्या तुकडीत. कमी बोलणारी, कायम पहिल्या बाकावर बसणारी. दीड वर्षात बाई तिला कुठंही भेटल्या, कॅन्टीनशी, स्टँडवर, की ती एकच विचारायची: "बाई, माझा नंबर?" बाई म्हणायच्या, "हाय अजून."

"तिचं बळ आत हाय," बाई दांड्यावर बोट ठेवून म्हणाल्या. "तिनं दाबलेली स्प्रिंग तशीच हाय. मार्चएंडला मी रिटायर व्हते. त्याच्या आत तिची परीक्षा संपती. मग एसटीचा पास संपतो. पास संपला की ती पोरगी परत शहरात यायची नाय. तिच्या घरचं मला ठाऊक हाय."

म्हणजे आमच्याकडे पाच आठवडे होते.

पहिल्याच दिवशी मी दांडा धरून जोरात पुढं रेटला. बाईंनी माझ्या मनगटावर चापट मारली. पुढं जायचंय म्हणून पुढंच रेटलं तर गंज अजून घट्ट बसतो, असं त्यांनी सांगितलं. आधी मागं, केसाएवढं. मग पुढं, केसाएवढं. शिवाय आत स्प्रिंग दबलेली, हिसका बसून खटका निसटला तर बोट चेचायचं. शिलाई मशीनचं तेल सुईच्या टोकावर घ्यायचं, दांड्याच्या दोन्ही कडांना एकेक थेंब सोडायचा आणि थांबायचं. मग जुन्या ब्रशनं गंज घासायचा, फडक्यानं टिपायचा. मग लाटण्याला कापड गुंडाळून एक हलकी टिचकी मागं, एक पुढं. पुन्हा तेल, पुन्हा थांबायचं. थांबायचं ते दीडशे श्वास.

या दीडशे श्वासांत बाई माझं पत्रक वाचायच्या. त्यांनी ते जपून ठेवलेलं होतं. रोज एक परिच्छेद, मोठ्यानं, बिस्किटाच्या पुड्यासारखाच. पहिल्या दिवशी मला वाटलं, या माझी टिंगल करतायत. पण त्यांचे प्रश्न खरे असायचे.

"'हिंसेची संस्कृती'. ही कुठं असती गं? आपल्या कॉलेजात कुठं हाय?"

"सगळीकडेच असते बाई."

"सगळीकडं म्हंजी कुणीकडं? मला जागा सांग."

मी विचार केला. म्हणाले, "गेटवरचा वॉचमन मुलींच्या ओढण्यांवर बोलतो, ती."

"मग ते लिवायचं ना. वॉचमनला वाचता येतं."

कधी एखाद्या वाक्याशी थांबून त्या म्हणायच्या, "हे बरोबर लिवलंस." त्या 'बरोबर' साठी मी दुसऱ्या दिवशीच्या तीनची वाट बघायला लागले होते, हे मी घरी कुणाला सांगितलं नाही. आम्ही भांडलोही खूप. पोलीस, सैन्य, जात, देव, काही सोडलं नाही. बाईंचा एका गोष्टीत मुद्दा पटला की मी चिडायचे आणि माझा एखादा पटला की त्या शेंगदाण्याची वाटी माझ्याकडे सरकवायच्या. तसं त्या तोंडानं कबूल करत नसत.

एके दिवशी शेवटचा परिच्छेद आला. त्यांनी वाचलं: "'ती बंदूक तत्काळ हटवावी.'" मग कागद खाली ठेवून त्या दांड्याकडे बघत राहिल्या. माझीही नजर तिकडेच गेली. चौथ्या आठवड्यात तो नखाच्या कडेएवढा सरकला होता.

पैठणचा शेवटचा पेपर चार दिवसांवर आला. मला राहवेना. गुलमंडीच्या बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानात मी चौकशी केली. दुकानदारानं गंज सोडवायचा स्प्रे दिला. म्हणाला, कसलाही नट असू द्या ताई, संध्याकाळपर्यंत हालतो. मी तो पिशवीत घालून बाईंकडे गेले. बाई गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेल्या, तेवढ्यात मी डब्याची नळी दांड्याच्या फटीत घातली आणि दाबली. भरपूर दाबली.

बाई खाली आल्या तेव्हा मी लाटणं हातात घेऊन बसले होते. मागं एक टिचकी, पुढं एक. 'कच्च' असा आवाज झाला आणि दांडा बोटाच्या पेराएवढा सरकला. मी ओरडणार होते. पण बाईंचं नाक वर झालं होतं.

"कशाचा वास हाय?"

मी डबा दाखवला. त्यांनी तो घेतला आणि सवयीनं वाचायला लागल्या, मोठ्यानं, शेवटपर्यंत. त्यात खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की रबरी भागांवर वापरू नये. ती ओळ त्यांनी दोनदा वाचली.

आत नळकांड्यात एक रबरी कडी असते. तिच्यामुळे हवा दाबली जाते आणि गोळी लांब जाते. म्हणून तर बाई एवढे दिवस सुईच्या टोकावर तेल घेत होत्या. तो दांड्यासाठीचा संयम नव्हताच, ते रबर वाचवणं होतं. मला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असणार. मी ऐकलं नसणार.

मी सॉरी म्हणाले.

"सॉरीनं काय पुसून निघतंय? कापड आण."

आम्ही दोघींनी जमेल तेवढा स्प्रे टिपून काढला. बाईंनी अंगठ्यानं दांडा जरासा मागं-पुढं केला आणि आधी अडकला होता तिथंच परत आणून ठेवला. "लोखंड सुटलं. रबर फुगलं असंल. आता फुंकर नाय राहायची हिच्यात."

"उघडू या बाई. नवीन कडी बसवू. मी सगळी गुलमंडी पालथी घालते."

"उघडायची म्हंजी आधी स्प्रिंग सोडावी लागंल. ती तिनं दाबलेली हाय. आपण सोडली तर तिचा नंबर आपण खाल्ला." मग म्हणाल्या, "तिलाच विचारू."

त्या दिवशी त्यांनी मला रागावायला हवं होतं. त्या रागावल्या नाहीत. चहा त्यांनी केला, आणि तो चांगला झाला.

शेवटच्या पेपरच्या दिवशी तीनच्या सुमाराला पैठण आली. हातात पॅड, बोटांना शाई. पाचची एसटी होती. बाईंनी तिला खाली बसवून सगळं सांगितलं. दांडा सुटला, पण रबर बिघडलं. उघडून नीट करू, मग तुला पुन्हा ओढावा लागेल, नवा नंबर धर. किंवा हाय तशी सोड, पण गोळी निशाण्यापर्यंत जायची नाय. कुणी बिघडवलं हे बाईंनी सांगितलं नाही. मीच सांगितलं. पत्रकही माझंच होतं, हेही सांगितलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "तुमचं पत्रक मी वाचलंवतं. शेवटपर्यंत." आणि मग बाईंकडे वळून, "जी हाय ती सोडते बाई."

आम्ही गच्चीवर गेलो. भिंतीला गादी उभी केलेली, तिच्यावर पुठ्ठ्याचा निशाणा. बाईंनी दहा पावलं मोजली. तिघींनी डोळ्यांवर प्लास्टिकचे चष्मे चढवले. मी म्हणाले, बाई, निशाणा जवळ घेऊ या, चार पावलांवर. बाई काही बोलायच्या आत पैठण म्हणाली, "माझा नंबर दहा पावलांचा व्हता."

तिनं बंदूक खांद्याला लावली. बाईंनी तिच्या कोपराला एक बोट लावलं, आणि काढलं. पैठणनं दांड्यावर हात ठेवला. दीड वर्षापूर्वी जिथं तिचा हात थांबला होता तिथून तिनं तो पुढं ढकलला. तो गेला. शेवटी 'खट्' झालं. मग तिनं श्वास घेतला, अर्धा सोडला, आणि ती थांबली. खाली गल्लीत कुणी रिक्षावाला कुणाला तरी शिव्या देत होता. चाप ओढल्याचा आवाज टाचणी वाकल्यासारखा झाला. गोळी नळीतून बाहेर आली, चार-पाच पावलांवर गच्चीच्या फरशीवर पडली, दोनदा उडाली, आणि उतारानं पाण्याच्या पन्हाळीकडे घरंगळत गेली.

मी डोळे मिटून घेतले. मला ते बघवेना.

उघडले तेव्हा पैठण तशीच उभी होती. बंदूक खांद्याला, गाल दस्त्याला, डोळा निशाण्यावर. बाईंचा एक नियम होता. गोळी गेल्यावर दहा श्वास हलायचं नाही. गोळी कुठं गेली ते बघायला मान वळवायची नाही. दीड वर्षात तिला हा नियम पुन्हा कुणी सांगितला नव्हता. तिच्या खांद्याचं बारीक खालीवर होणं मला दिसत होतं. बाईही तिच्याकडेच बघत होत्या, त्यांचे ओठ हलत होते. दहा झाले. मग तिनं बंदूक खाली केली.

"बरोबर," बाई म्हणाल्या.

पैठण हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहत होते. तिनं बंदूक फडक्यावर आडवी ठेवली, पॅड उचललं, बाईंच्या पाया पडायला वाकली. बाईंनी तिला मध्येच धरलं. "पळ. गाडी जाईल." जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

बाईंनी मला विचारलं, "तुला धरायची का एकदा?"

"नाही बाई."

"बरं. मग गादी धर एका बाजूनं."

आम्ही गादी जिन्यातून खाली उतरवत होतो. त्या पुढं, मी मागं. गादीमुळे मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच बहुतेक मी विचारू शकले. "बाई, माझं पत्रक चुकीचं होतं का?"

त्या दोन पायऱ्या उतरल्या. मग गादीच्या पलीकडून आवाज आला. "पत्रकात काय चूक नाय. तू आत आली नव्हतीस, एवढंच."

त्या महिनाअखेरीला त्या निवृत्त झाल्या आणि नांदेडला बहिणीकडे राहायला गेल्या. फोन केला की "बोल पत्रक" म्हणायच्या, मी बोलून संपले की काही न म्हणता ठेवून द्यायच्या. त्यांच्या लेखी फोन म्हणजे तेवढंच. ये म्हणायच्या, आणि मी जाईन म्हणायचे. आज मोर्चा, उद्या सभा, परवा कुणाचा तरी जामीन. गेल्या थंडीत त्या गेल्या. मला तिसऱ्या दिवशी कळलं. औरंगपुऱ्यातल्या त्या खोलीत आता मोबाईलची कव्हरं भरलेली खोकी असतात. मी एकदा जिना चढून पाहून आले. शिलाई मशीनच्या तेलाचा वास येतो का म्हणून बघत होते. येत नाही.

मी अजून पत्रकं काढते. मवाळ झालेले नाही, होणारही नाही. पण आता ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याच्या दारात आधी जाते. परवा सफाई कामगारांचा पगार अडवणाऱ्या ठेकेदाराकडे गेले. त्यानं मला अर्धा तास बाहेर उभं केलं, मग आत घेतलं, चहा दिला, आणि अडचणी सांगितल्या. मी सगळ्या ऐकल्या, त्यातली एक खरीही वाटली. घरी येऊन पत्रक लिहिलं, ती एक अडचण सोडून त्याला कुठंच सोडलं नाही. लिहून झालं तेव्हा दुपारचे तीन वाजत होते. हात आपोआप फोनकडे गेला. सांगण्यासारखं तसं काही नव्हतं. आत जाऊन आले बाई, एवढंच सांगायचं होतं.